लागेल तेवढाच हातभार : वागळे इस्टेटमधल्या एका यंत्राच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

गाळ्याची चावी मिळाली. ठाण्याची वागळे इस्टेट, पहिला मजला, खाली मोटर वाइंडिंगचं दुकान. आम्ही तिघं आहोत. यंत्र आणि कंट्रोल माझ्याकडे, सर्किटं आणि फर्मवेअर जोडीदाराकडे, आणि नौपाड्यात स्वतःचं क्लिनिक चालवणाऱ्या फिजिओताई. बनवायचं आहे ते टेबलावर मावणारं, दोन मोटरींचं यंत्र. पॅरॅलिसिसचा झटका येऊन गेलेल्या माणसाने हँडल धरायचं, धरता येत नसेल तर पट्ट्याने हात बांधायचा, आणि खांदा-कोपर वापरून ते टेबलाच्या पातळीत पुढे, मागे, आडवं न्यायचं.

कल्पना जुनी आहे. एमआयटीमध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांच्या गटाने १९९० च्या आसपास एमआयटी-मानस हे यंत्र याच कामासाठी उभं केलं. त्याच्या मुळाशी होगन यांनी १९८५ मध्ये मांडलेलं इम्पीडन्स कंट्रोल आहे. कारखान्यातला रोबो ठरलेल्या जागी पोचतोच, मध्ये काहीही आलं तरी. इथे जागेपेक्षा स्पर्श ठरवायचा असतो: माणसाने ढकललं तर यंत्र किती मऊ लागावं, किती ताठ लागावं.

फिजिओताईंनी पहिल्याच बैठकीत घातलेली अट जशीच्या तशी लिहून ठेवते. "हात हलवून देणारं यंत्र मला नको. हलवून द्यायला घरची माणसं असतात. पेशंटने स्वतः किती केलं ते मला कळलं पाहिजे. त्याने काहीच केलं नाही, तर यंत्रानेही काही करू नये."

मग यंत्र हवंच कशाला, तर आवर्तनांसाठी. कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत स्ट्रोकनंतरच्या थेरपीच्या एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूतली जुळणी बदललेली दिसली, त्यांत दिवसाला शेकडो आवर्तनं करून घेतलेली होती. ताई म्हणाल्या, आमच्याकडे ३२ झाली तरी तो चांगला दिवस.

१९ नोव्हेंबर

दिवसभर ताईंच्या क्लिनिकमध्ये बसले. मोजमापाचं काही नेलं नव्हतं, फक्त वही.

हात पुढे न्यायला सांगितला की बहुतेकांचा आधी खांदा कानाकडे चढतो, मग कोपर दुमडतं, मनगट पडतं आणि बोटं मुठीत जातात. सगळं एकदम, एका गठ्ठ्यात. फिजिओ याला फ्लेक्सर सिनर्जी म्हणतात. एकेक सांधा सुटा चालवणारी मेंदूकडून येणारी वाट तुटलेली असते आणि उरलेल्या वाटांना एवढं बारीक काम जमत नाही. ज्यांचं कोपर उघडत नाही ते कंबरेतून पुढे झुकतात. पेल्यापर्यंत हात पोचतो, बघणाऱ्याला वाटतं जमलं, पण कोपर होतं तिथेच असतं. ताई दर वेळी पाठ खुर्चीला टेकवायला लावतात आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी पेशंटपेक्षा ताईंच्या हाताकडेच जास्त पाहत होते. तळवा कोपराखाली, वजन पेललेलं. पेशंटने जोर लावेपर्यंत तो थांबतो, बराच वेळ थांबतो. मला वाटत होतं आता ढकलतील, पण ढकलत नाहीत. हालचाल सुरू झाली की तळवा सोबत जातो, अडली तर किंचित रेटतो, चाललीय असं दिसलं की सुटतो. हे सगळं सुनेची चौकशी करता करता. वजन पेलणं, वाट पाहणं, रेटणं, सुटणं: यंत्राचं स्पेसिफिकेशन एवढंच आहे. यातलं वाट पाहणं सगळ्यात अवघड जाणार.

आणखी एक, हे टाळता येणार नाही. एका काकांना त्यांच्या मुलाने काखेत हात घालून खुर्चीतून उठवलं. ताईंनी लगेच थांबवलं. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात, नुसत्या हाताच्या वजनाने तो खाली उतरतो. त्यात ओढलं की दुखणं मागे लागतं, आणि दुखऱ्या खांद्याचा माणूस व्यायामच सोडतो. म्हणून यंत्राने हात खांद्यापासून बाहेर कधीही ओढायचा नाही. पुढे किती जायचं याची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असेल आणि ती फिजिओच लावेल.

२ डिसेंबर

ड्राइव्ह कसला घ्यायचा यावर निर्णय.

बाजारात गिअरबॉक्स बसवलेल्या मोटरी स्वस्त मिळतात, १०० ला १ गुणोत्तराच्या. ताकद भरपूर. पण अशा मोटरीला बाहेरून दांडा धरून फिरवून पाहा, ती हलतच नाही. मोटरच्या रोटरचं जडत्व बाहेरच्या दांड्यावर गुणोत्तराच्या वर्गाने वाढून येतं. १०० ला १ म्हणजे १०,००० पट. त्यावर दात्यांचं घर्षण वेगळं. ज्याच्या हातात जेमतेम कोपर सरकवण्याइतकी ताकद परतली आहे, त्याला ही मोटर भिंतच वाटणार. त्याने केलेला लहानसा प्रयत्न यंत्राला जाणवणारही नाही, आणि तोच तर आपल्याला पकडायचा आहे.

म्हणून गिअर नाहीत. तारेचा कॅप्स्टन ड्राइव्ह: मोटरच्या शाफ्टवर ३० मि.मी. व्यासाचं ड्रम, समोर २४० मि.मी. व्यासाचा अर्धगोल सेक्टर, मध्ये दीड मि.मी.ची लवचीक स्टील वायररोप गुंडाळलेली. गुणोत्तर ८ ला १, जडत्व ६४ पट. दाते नाहीत म्हणून बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, नाही. दोन्ही मोटरी बैठकीवरच बसवायच्या आणि दुसऱ्या सांध्याला जोर समांतर दांड्यांतून पोचवायचा, म्हणजे हलणाऱ्या भागावर मोटरचं ओझं येत नाही.

ड्रमवर तारेसाठी खोबणी कापायची आहे. शेजारच्या गल्लीतल्या टर्नरकाकांनी ड्रॉइंग पाहून आधी विचारलं, हे कशासाठी. सांगितल्यावर म्हणाले, खोबणीच्या कडा मारून देतो, नाहीतर तार कापली जाईल. हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

९ डिसेंबर

लॅमिंग्टन रोड. सांध्याचा कोन मोजणाऱ्या एनकोडरच्या चिपा, टर्मिनल, शिल्डेड केबल, लाल मशरूम बटण. चालू करंट नीट मोजणारा मोटर ड्रायव्हर तिथे मिळाला नाही, बाहेरून मागवला.

१४ जानेवारी २०२५

खालच्या वाइंडिंगवाल्यांनी तिळगूळ आणून दिला आणि यंत्र हलवून पाहिलं. करंट बंद असताना दोन बोटांनी हँडल टेबलभर फिरतं. हे जमलं याचा मनापासून आनंद आहे.

बळ मोजण्याबद्दल जोडीदाराशी बराच खल झाला. वजनकाट्यात असतो तो लोडसेल आणि त्याची एचएक्स७११ चिप सगळीकडे मिळते, स्वस्त आहे, २४ बिटांची आहे. पण ती सेकंदाला १० किंवा फार तर ८० वेळा आकडा देते. आपली कंट्रोलची फेरी सेकंदाला १,००० वेळा फिरते. ८० च्या आकड्यांवर यंत्राला मऊपणा आणायला गेलं तर प्रत्येक प्रतिक्रिया उशिरा येणार आणि हँडल थरथरणार. स्ट्रोक झालेल्या हातात अशी थरथर गेली तर स्नायू आणखी आवळतात.

तेव्हा कंट्रोलसाठी मोटरच्या करंटवरून बळ काढायचं. गिअर नसल्यामुळे करंट आणि बळ यांचं नातं सरळ राहतं, कॅप्स्टन घेतल्याचा हा दुसरा फायदा. हँडलखालचा लोडसेल ठेवायचा, पण नोंदीसाठी आणि रोज सकाळी तपासणीसाठी: ठरलेलं वजन टांगायचं, दोन्ही आकडे जुळले तरच यंत्र सुरू होऊ द्यायचं.

२३ जानेवारी

सुरक्षेचा दिवस.

लाल बटण दाबलं की मोटरींची वीज रिलेतून तुटली पाहिजे. बटणाने फक्त सॉफ्टवेअरला निरोप पाठवायचा ही रचना मान्य नाही, कारण ज्या क्षणी बटणाची गरज पडेल त्या क्षणी सॉफ्टवेअर अडकलेलं असू शकतं. दोन बटणं: एक फिजिओकडे, एक पेशंटच्या चांगल्या हाताखाली. पुनर्वसनाच्या रोबोंसाठी आयईसी ८०६०१-२-७८ हे स्वतंत्र मानक २०१९ मध्ये आलं आहे. आमचं यंत्र अजून प्रमाणपत्राच्या वाटेवर नाही, पण धोक्यांची यादी त्याच चौकटीत केली.

वीज गेल्यावर काय, हा आमच्याकडे रोजचाच प्रश्न. हात टेबलावर टेकलेला असल्यामुळे पडत नाही. पण मोटर एकदम मोकळी सुटली तर जोर लावत असलेला माणूस पुढे कोलमडेल. म्हणून वीज तुटली की रिले मोटरची वेटोळी रेझिस्टरमधून आपापसांत जोडतो. हँडल घट्ट धरलं जात नाही, जाड तेलातून फिरवल्यासारखं जड होतं आणि थांबतं. मेन स्विच पाडून पाहिलं, दोघांनी आळीपाळीने जोर लावून. ठीक.

स्पॅस्टिसिटीचं, म्हणजे स्नायूंच्या ताठरपणाचं, वेगळं बघावं लागलं. ताठरलेला स्नायू वेगावर चिडतो: सावकाश ताणला तर सोडतो, झटक्यात ताणला तर उलट ओढतो. यंत्राला अचानक विरोध जाणवला तर जोर वाढवून तो मोडायचा नाही. उलट त्याने तिथेच मऊ व्हायचं, थोडं मागे यायचं, आणि ताठरपणा उतरेपर्यंत थांबायचं. बळाची कमाल मर्यादा सध्या २५ न्यूटन ठेवली आहे. ताईंनी स्वतः हात बांधून घेऊन मुद्दाम झटके दिले, तिसऱ्या मजल्यावरून आलेल्या पाहुण्यांनाही बसवलं. मनगटाचा पट्टा चुंबकाने लावलेला आहे, त्यापलीकडे जोर गेला तर सुटून येतो.

माणसाने मोटर उलटी ढकलली की ती जनरेटरसारखी वीज परत पाठवते, हे जोडीदाराला मीटरवर दिसलं. जोरात ढकललं की सप्लाय व्होल्टेज वाढल्यामुळे ट्रिप होत होता. ती जादा वीज जिरवणारा ब्रेक रेझिस्टर बसवला, आता होत नाही.

१० फेब्रुवारी

आता गाभा.

सरळ वाट ठरवून द्यायची आणि त्यावरून हात न्यायचा, हे यंत्राला सगळ्यात सोपं जातं. पडद्यावर सुरेख सरळ रेषा उमटतात. पण अशी सत्रं घेतली की माणूस नकळत स्वतःचा जोर काढून घेतो. डेव्हिड राइन्केन्समायर यांच्या गटाने हे चांगलं दाखवलं आहे: चूक वाढत नसेल तर शरीर मेहनत कमी करत जातं, आणि ते आळसामुळे होत नाही. निरोगी माणसातही होतं. मदत कायम ठेवणारं यंत्र म्हणजे पेशंटच्या वाटणीची मेहनत खाणारं यंत्र.

लहान मुलाचा हात धरून पाटीवर 'श्री' गिरवून घेतात, तेव्हा गिरवून घेणाऱ्याला नेमकं कळत असतं की मुलाची बोटं कधी चालू लागली, आणि पकड त्या क्षणी सैल होते. ती पकड समीकरणात आणायची आहे. दोन गोष्टी केल्या.

पहिली: वाटेच्या दोन्ही बाजूंना मऊ भिंती. भिंतींच्या मध्ये यंत्र अजिबात बोलत नाही. भरकटलं तर परत आत सारतं, पण पुढे ढकलत नाही.

दुसरी: मागून सरकणारी भिंत. इशारा झाल्यावर आधी वाट पाहायची. हात निघालाच नाही तर मागची भिंत सावकाश येऊन टेकते आणि रेटते. किती रेटायचं हा आकडा दर आवर्तनाला आपोआप थोडा घटतो. पेशंट कमी पडला तरच पुन्हा वाढतो. म्हणजे काहीच बदललं नाही तर मदत कमी होत राहणार, हाच यंत्राचा स्वभाव.

वाट किती पाहायची? ताई म्हणाल्या, तुम्हाला अस्वस्थ वाटायला लागेल त्याच्याही पुढे. स्ट्रोकनंतर हुकूम निघायलाच वेळ लागतो. फिजिओला बदलता येईल असा ठेवला, सुरुवातीला ३ सेकंद.

२५ फेब्रुवारी

संध्याकाळी तिघांनी बसून दोन मोठ्या चाचण्या वाचल्या. इथे जे लिहितेय ते पुढे कोणी यंत्र बघायला आलं की त्यालाही सांगायचं, असं ठरलं.

पहिली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली. १२७ जण, झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेले. रोबो, तितकीच कसून हाताने दिलेली थेरपी, आणि नेहमीचे उपचार अशी तुलना. १२ आठवड्यांनी रोबोचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळकपणे पुढे नव्हता. ३६ आठवड्यांनी थोडा पुढे दिसला. पण कसून दिलेल्या हाताच्या थेरपीपेक्षा पुढे कधीच नाही.

दुसरी ब्रिटनमधली, रॅटल्स, २०१९, ७७० जण. आठवड्याला तीनदा ४५ मिनिटं, १२ आठवडे. हाताने वस्तू उचलणं-ठेवणं मोजणाऱ्या चाचणीत रोबोचा गट नेहमीच्या उपचारांच्या वर गेला नाही. तिथे माणसांनी दिलेली जादा थेरपीही त्या मुख्य निकषावर वर गेली नाही.

जोडीदाराने सरळ विचारलं, मग आपण हे का करतोय? प्रश्न रास्त आहे. बराच वेळ कोणी बोललं नाही, मग ताई बोलल्या. त्यांचं म्हणणं असं की टेबलावर पुढे-मागे करून टेबलावरचं पुढे-मागे सुधारतं, शर्टाचं बटण लागत नाही. बटण लागायला बटणच लावून पाहावं लागतं. यंत्राने खांदा-कोपराची आवर्तनं करून घ्यावीत, हात जरा सैल आणि जागा झाला की लगेच त्याच बैठकीत खरी वस्तू हातात द्यावी. आणि कसून थेरपी द्यायला माणूस कुठे आहे? त्यांच्याकडे दिवसाला जेवढे पेशंट येतात, त्यातल्या एकालाही तासभर सलग देता येत नाही. यंत्राने तो वेळ भरला आणि निकाल हाताच्या थेरपीइतकाच आला, तरी त्यांना चालणार आहे.

मला हे पटलं. बैठक दोन भागांची: यंत्रावर अर्धा तास, मग लगेच वीस मिनिटं तांब्या, डबा, रुमालाची घडी, बटणं. दुसरा भाग गाळला तर पहिल्याची नोंद ग्राह्य धरायची नाही.

१२ मार्च

पडदा. एमआयटी-मानसवर मध्यापासून भोवतालच्या आठ ठिपक्यांकडे जायचं असतं. आमच्याकडे ठिपके म्हटल्यावर ताईंच्या आईंनी लगेच सांगितलं, मग रांगोळीच काढू दे. ठिपके जोडत गेलं की शेवटी कासव किंवा कमळ होतं. हालचाल तीच, सरळ रेषेत गाठायची, पण पुढचा ठिपका का गाठायचा ते माणसाला माहीत असतं. पुरुषांसाठी वेगळं काही करावं का, यावर चर्चा झाली. नको ठरलं, रांगोळी सगळ्यांना कळते.

दोन गोष्टी ताईंनी बदलायला लावल्या. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काही जणांना डाव्या बाजूचं भान राहत नाही. डोळे ठीक असतात, पण ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहते. अशांना डावीकडचे ठिपके दिसणारच नाहीत, आणि यंत्र समजेल हात जात नाही. म्हणून पडद्याच्या डाव्या काठाला जाड लाल पट्टा आणि सुरुवातीला नजर तिथे नेऊन आणायची. उलट डाव्या बाजूला इजा झाली की उजवा हात जातो आणि बऱ्याचदा भाषाही जाते. वाचता येत नाही, लांब वाक्य कळत नाही. म्हणून पडद्यावर अक्षर नाही. आवाजात फक्त दोन शब्द, "चला" आणि "थांबा", ताईंच्याच आवाजात.

गुणही दाखवायचे नाहीत. एकच पट्टी: यंत्राने किती रेटलं. ती बुटकी होत गेली पाहिजे.

७ एप्रिल

संमतीपत्राचा मसुदा एथिक्स कमिटीकडे गेला. मराठीत आधी लिहिला, इंग्रजी नंतर केला. त्यातलं एक वाक्य मी हट्टाने ठळक ठेवलं आहे: या यंत्राने तुमचा हात बरा होईल असे आम्ही सांगत नाही. सही न करता येणाऱ्यांसाठी अंगठा, आणि आमच्यापैकी नसलेला साक्षीदार. भाषा गेलेल्यांकडून संमती कशी घ्यायची यावर कमिटीने प्रश्न विचारले. नातेवाइकाने होकार दिला तरी पेशंटने मान हलवून नकार दिला तर तोच धरायचा, असं उत्तर लिहून दिलं. पहिला माणूस यंत्रावर बसण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणी.

२८ एप्रिल

परवानगी आली. सीटीआरआयची नोंदणीही झाली. चार जणांपासून सुरुवात.

१५ मे

ताईंच्या क्लिनिकमध्ये यंत्र हलवलं. उकाडा एवढा की पट्ट्याखाली घाम येऊन कातडी लाल होतेय. आतून सुती कापड लावलं, प्रत्येकाचं वेगळं, रोज धुतलेलं. ज्या हाताला संवेदना नाही त्याला पट्टा काचतोय हे कळतही नाही, म्हणून सत्रानंतर कातडी बघणं हा आता नोंदवहीतला पहिला रकाना आहे.

निवृत्त बसचालक काका. डावा हात. पाठ सोडून पुढे झुकायची सवय इतकी पक्की की पट्टा बांधला तरी खांद्यातून झुकतात. खुर्चीच्या पाठीला साधा स्विच लावला: पाठ सुटली की रांगोळी थांबते, टेकली की पुन्हा सुरू. न ओरडता, न सांगता. काका म्हणाले, क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नाही तसं आहे हे. दुसऱ्याच सत्रापासून पाठ टेकलेली.

त्यांचा मुलगा रोज येतो, जीव टाकतो वडिलांवर. त्याला वाटतं यंत्राचा जोर वाढवला तर लवकर फरक पडेल. त्याला पट्टी समजावून सांगितली: बाबा ढकलतात तेव्हा ती खाली जाते, आपण ढकललं तर वर. आता तो पट्टीकडे बघून "बाबा, अजून जरा" म्हणतो.

कळव्याच्या मावशी, पोळी-भाजी केंद्र चालवायच्या. उजवा हात, बोलणं थोडं गेलेलं. सुरुवातीला तीन सेकंद संपायचे आणि मागची भिंत यायची, हात तसाच. ताईंनी वाट पाहायचा वेळ वाढवायला सांगितला. पाच सेकंदांवर एकदा भिंत यायच्या आत हँडल हललं. करंटच्या आलेखात ते अगदी बारीक दिसतं, डोळ्यांना तर दिसलंच नाही. पण मावशींना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

१९ जून

पाऊस. वंदना सिनेमापाशी पाणी, रिक्षा मिळत नाहीत, क्लिनिकला लिफ्ट नाही. दोघांच्या फेऱ्या बुडाल्या. आवर्तनांसाठी यंत्र बनवायचं आणि माणूसच यंत्रापर्यंत पोचणार नाही, हे चालणार नाही. पुढची आवृत्ती दोन तुकड्यांत सुटणारी हवी, प्रत्येक तुकडा एका माणसाने जिन्यावरून नेण्याइतका हलका. ताईंची अट: घरी यंत्र गेलं तरी पहिली सत्रं त्यांच्यासमोर, आणि घरातल्या एका माणसाला खांदा कसा सांभाळायचा ते शिकवल्याशिवाय नाही.

४ जुलै

मोजणी. यंत्राची नोंद न पाहिलेल्या, दुसऱ्या क्लिनिकच्या फिजिओंनी केली. फ्यूगल-मेयर, स्वीडनमध्ये १९७५ मध्ये तयार झालेली चाचणी, हाताचे ६६ गुण. सोबत ताठरपणासाठी अ‍ॅशवर्थ मोजपट्टी आणि दुखण्याची विचारपूस.

खांदा कोणाचाही दुखावला नाही. चौघांच्याही बाबतीत यंत्राची मदत उतरली आणि वाटा सरळ झाल्या. फ्यूगल-मेयरमध्ये खांदा-कोपराच्या बाजूला काही गुण वाढले, काकांचे सगळ्यात जास्त. मनगट आणि बोटांच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. चारच जण, तुलनेला दुसरा गट नाही, आणि दोघांच्या झटक्याला फार काळ झालेला नाही, त्यांचं आपोआपही सुधारलं असेल. यावरून हात सुधारतो असं कुठेही म्हणायचं नाही. लोक हे यंत्र सहन करतात, मेहनत स्वतः करतात आणि परत येतात, एवढंच म्हणता येतं.

मावशींचं बघून मात्र पुढचं काम स्पष्ट झालं. वीस मिनिटांच्या भागात त्या तांब्यापर्यंत हात नेतात, कोपर उघडून, पाठ टेकवून. तिथे पोचल्यावर बोटं उघडत नाहीत. मूठ तांब्याला जाऊन टेकते. हात नेणं आम्ही करून घेतलं. हात उघडणं आमच्या यंत्रात मुळातच नाही, आणि घरातलं प्रत्येक काम बोटं उघडण्यापासून सुरू होतं.

१४ जुलै

पुढच्या टप्प्याचे निर्णय. तिसरी मोटर लावून बोटं उघडायची, हा जोडीदाराचा प्रस्ताव ताईंना नको आहे. ताठरलेली बोटं बाहेरून ओढून उघडणं त्यांना पटत नाही. त्याऐवजी कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागावर, वरच्या बाजूला, बोटं उघडणाऱ्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून विजेचं उद्दीपन. ते फिजिओथेरपीत पूर्वीपासून आहे, त्यांच्याकडे उपकरणही आहे. आमच्याकडून हवं ते फक्त वेळेचं भान: पेशंटने स्वतः उघडायचा प्रयत्न केला, स्नायूतली बारीक वीज टिपणाऱ्या इएमजीवर ते दिसलं, की त्याच क्षणी उद्दीपन सुरू. प्रयत्न नसेल तर उद्दीपन नाही. ताईंची पहिल्या बैठकीतलीच अट.

इएमजीचा अ‍ॅम्प्लिफायर जोडीदार बघतोय. उद्दीपनाच्या वेळी तो आंधळा होतो, मोजणं आणि वीज देणं आळीपाळीने करावं लागेल. एथिक्स कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज ताई लिहितायत, तोवर हा भाग फक्त आमच्या तिघांच्या हातांवर.

हँडलबद्दल मावशींनी खुणेने सांगितलं होतं, हे फार जाड आहे. घरून लाटणं आणून दाखवलं. मधला जाड भाग नको, टोकाची मूठ. मोजली, २२ मि.मी. टर्नरकाकांना सागाच्या दांड्याचं ड्रॉइंग दिलं, दोन्ही कडा मारून, शुक्रवारी मिळेल.